गेम अजून अर्धाच झालाय, आत्ताच दाखवू का?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा २७ वर्षांचा, चाळीसगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील आजारी पडले म्हणून पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गावी आला. दिवसा शेती बघतो, रात्री एकटाच बसून कॉम्प्युटरवर खेळायचा एक गेम बनवतो. गेम असा आहे की दिवस रब्बीचे, गव्हाला पाणी भरायचंय, शेतीपंपाची लाईट रात्री येते आणि आठ तासांनी जाते. खेळणाऱ्याच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं, आणि शिवारात कुठंतरी बिबट्या. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या साइटवर, गेमचं पान उघडलंय, पण खरा खेळ त्याने अजून कुणाला दाखवलेला नाही. ग्राफिक्स कच्चे आहेत आणि कल्पना कुणी ढापेल अशी भीती आहे. एकच रील चाललं. काळा पडदा, आजीच्या आवाजात अहिराणीतली हाक, "लाईट उनी रे, ऊठ!" आणि शेवटी गेमचं नाव. व्ह्यूज १ लाख ४० हजार, विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, भर ६३. मागे एकदा उत्साहात "दिवाळीला येतोय" असं जाहीर केलं होतं. दिवाळी होऊन गेली, गेम आला नाही. आता लग्नात, पारावर जो तो विचारतो, "काय व्हयनं रे भो, तुना गेमनं?" बहीण म्हणते रोज एक रील टाक. मित्र म्हणतो पूर्ण होईपर्यंत लपव, मग एकदम धमाका कर. एका डिजिटल मार्केटिंगवाल्याने ४० हजारांत ५० हजार फॉलोअर्सची हमी दिलीय. तो विचारतो, "ताई, दाखवू की लपवू? पैसे देऊ का? आणि हे सगळं करत बसलो तर गेम कधी बनवू?"

ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करते. गेमचं नाव इथे देत नाही. फुकट जाहिरात झाली असती, मान्य, पण या सदरात पत्रं निनावीच छापायची हा नियम मीच केलाय.

माझी माहिती सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुझं तू ठरवशील. मी धुळ्याची. पुण्यात एका गेम स्टुडिओत अकरा वर्षं काढली. आधी टेस्टिंगला होते, नंतर लोकांपर्यंत गेम पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

आधी तुझा हिशोब बघू. तू लिहिलंयस, "एक लाख चाळीस हजारांतून त्रेसष्ट, म्हणजे गेममध्येच दम नाही." पण त्या रीलमध्ये गेम होता कुठे? होती ती आजी. लोकांनी लाईक दिलं ते आजीला, आणि बरोबर दिलं. आता ते रील बघणारा माणूस डोळ्यापुढे आण. पाचोऱ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा आहे, हातात फोन. तुझा गेम चालतो कॉम्प्युटरवर. तरी समज त्याला नाव आवडलं. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. त्याने तुझ्या प्रोफाइलवर जायचं, तिथली लिंक दाबायची, मग इन्स्टाग्रामच्याच आत स्टीमचं पान उघडणार, तिथे त्याचं लॉगिन नसणार, पासवर्ड आठवायचा, ईमेलवर कोड येणार तो बघायचा, आणि मग विशलिस्टचं बटण. एवढ्यात एसटी येते. असे सात उंबरे ओलांडून ६३ माणसं आत आली, अरे! मला त्या १ लाख ४० हजारांबद्दल काही कुतूहल नाही. हे ६३ कोण आहेत ते मात्र मला जाणून घ्यावंसं वाटतं.

आकडा हुकला म्हणजे गेम संपला असंही नसतं. पुण्याच्याच एका स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते. ठरवलेली रक्कम जमली नाही, मोहीम फसली. गेम २०२० मध्ये आला, आणि जगभर खेळला गेला.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मी थांबले ती. रीलखालच्या कमेंटचे स्क्रीनशॉट पाठवून तू तक्रार केलीस, "बघा, गेमबद्दल एक शब्द नाही, सगळे आपापल्या आठवणी सांगत बसलेत." मी ते सगळे वाचले. चौथ्या स्क्रीनशॉटमध्ये खालून दुसरी कमेंट आहे. एकाने लिहिलंय, "आमचे आबा खाटल्यावर पडल्या पडल्या मोटरच्या आवाजावरून सांगायचे की विहिरीत पाणी किती उरलं." तू त्याला बदामाचं चिन्ह टाकलंस आणि पुढे गेलास.

परत वाच. त्या माणसाने तुझ्या गेमचा एक आख्खा भाग तुला फुकट दिलाय. तू लिहितोस की विहिरीची पातळी दाखवायला पडद्याच्या कोपऱ्यात निळी पट्टी ठेवलीय आणि ती तुला स्वतःला खटकते. काढून टाक ती. खेळणाऱ्याला आवाज ऐकू दे. पाणी भरपूर आहे तोवर मोटर एका लयीत घुमते, पाणी खाली गेलं की पाइप हवा ओढायला लागतो, आवाज पातळ होतो, मध्येच गचके देतो. अंधारात, बिबट्याच्या भीतीत, कान मोटरकडे लावून फावडं मारणारा खेळाडू! हे मला कुठल्याच गेममध्ये भेटलेलं नाही.

इथेच तुझी आणि माझी समजूत वेगळी होते. तू प्रसिद्धीला दवंडी समजतोस. माल तयार झाला की हलगी वाजवायची, तोवर गप्प बसायचं. तुझा मित्रही तेच म्हणतो. सिनेमावाल्यांना ते परवडतं, त्यांच्या पोस्टरमागे कोटींचा खर्च असतो. एकट्याने केलेल्या गेमला धमाक्याच्या दिवशी फटाका पेटवायलाही माणूस मिळत नाही, कारण त्याआधी त्याला कुणी ओळखतच नसतं. हिवाळ्यात शेतात भरीत करतो तेव्हा वांगी काड्यांवर भाजायला टाकली की वास शिवारभर जातो. बडगीत ठेचून होईपर्यंत माणसं आपोआप जमलेली असतात. कुणी मिरची जास्त घाल म्हणतं, कुणी कांद्याची पात घेऊन येतं. तू घरात दार लावून वांगी भाजतोयस आणि तयार ताट एकदम चौकात नेऊन ठेवायचा विचार करतोयस.

कच्चं दाखवायची लाज वाटते, हे मला कळतं. पण खेळाडूला पॉलिश नंतर दिसतं, आधी दिसतं की इथे काहीतरी घडतंय. बॅटरीचा झोत पाटावरून फिरतोय, पाणी वाफा फोडून भलतीकडे निघालंय, माणूस फावड्याने धावत माती ओढतोय आणि झोताच्या कडेला दोन डोळे चमकून गेले. एवढं हलतंय ना? मग झाडांची पानं चौकोनी असली तरी चालेल.

चोरीचं बोलू. निव्वळ कल्पनेला कायद्याचं संरक्षण मिळत नाही, तू प्रत्यक्ष केलेल्या कामाला मिळतं. कोड, चित्रं, आवाज, लिखाण. त्यामुळे "बिबट्या आणि रात्रीची लाईट" एवढं कुणी उचललं तर तू कोर्टात जाऊ शकणार नाहीस. पण उचलणार कोण? परदेशातल्या कुणा टीमला डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, फ्यूज गेला की कुणाला उठवायला जावं लागतं हे ठाऊक आहे? गहू कोणत्या अवस्थेत असताना पाण्याचा ताण चालत नाही, हे माहीत आहे? तुझं कुलूप तेच आहे. झाकायचं असेल तर शेवट झाक. त्या रात्री नक्की काय घडतं ते कुणालाही दाखवू नकोस.

आणि तारीख झाक. 'दिवाळीला येतोय' हे तू फार लवकर बोललास. २०१६ मध्ये आलेल्या 'नो मॅन्स स्काय'चं उदाहरण या धंद्यात सगळे देतात. छोटी टीम, आधी दोन-अडीच वर्षं नुसती हवा, लोकांच्या अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. गेम हातात आला तेव्हा सांगितलेलं बरंच काही त्यात नव्हतं. लोकांनी शिव्या घातल्या. त्या टीमने मग वर्षानुवर्षं फुकट अपडेट देऊन नाव परत कमावलं. त्यांना ते जमलं, कारण विक्री आधीच झालेली होती. तुझ्या-माझ्याकडे तशी शिल्लक नसते. मीही एका ट्रेलरमध्ये होडी चालवायचं दृश्य टाकलं होतं, नदी, वल्ही, धुकं, फार सुंदर. पुढे तो भाग गेममधून कापला गेला. वर्षभर मला ईमेल येत होते, "होडी कुठाय?" त्यातली एक मुलगी तर दर महिन्याला विचारायची. तेव्हापासून जे बनून चालतंय तेवढंच दाखवायचं, असं मी स्वतःला बजावलंय.

झालेल्या चुकीचं काय करायचं? एक पोस्ट टाक, साधी. दिवाळी म्हणालो होतो, जमलं नाही. एवढं झालंय, एवढं राहिलंय. नवी तारीख आत्ता देत नाही. रडगाणं नको, दहा कारणं नकोत. स्टीमच्या पानावर नेमका दिवस दाखवायचं बंधन नसतं, नुसतं 'लवकरच' किंवा फक्त वर्ष ठेवता येतं. तसं ठेव. पारावर विचारणाऱ्यांना फोन काढून पंधरा सेकंदांची क्लिप दाखव. "येतोय, येतोय" ऐकून माणूस कंटाळतो, हलणारं चित्र बघून गप्प बसतो.

क्लिप कशी असावी याबद्दल तुझ्या गेमपुरतं एक महत्त्वाचं सांगते. तुझा सगळा गेम रात्रीचा. तुझ्या खोलीत, दिवे बंद करून, मॉनिटरवर तो छान दिसतच असणार. तीच क्लिप इन्स्टाग्रामवर चढली की फाइल लहान करताना अंधाराच्या छटा चिरडल्या जातात, काळ्या जागी चौकोनी डाग पडतात. वर बघणारा चैत्राच्या उन्हात उभा, फोनचा ब्राइटनेस अर्धा. त्याला दिसते काळी पाटी. म्हणून क्लिपपुरता उजेड वाढव. गेममध्ये नको, फक्त क्लिपमध्ये. चंद्र थोडा मोठा कर, झोत थोडा रुंद कर. मग बाहेर उन्हात जाऊन स्वतःच्या फोनवर बघ, आणि तिथे दिसलं तरच टाक.

दुसरं, सुरुवात मधूनच कर. लोगो नको, नाव नको, "नमस्कार मित्रांनो" तर मुळीच नको. पहिल्या दोन सेकंदांत पाणी फुटलेलं दिसलं पाहिजे. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून एक ओळ पडद्यावर मोठ्या अक्षरांत. फोन उभा आणि तुझा गेम आडवा, तेव्हा नुसत्या काळ्या पट्ट्या मारून मोकळा होऊ नकोस. कॅमेरा माणसाच्या जवळ नेऊन क्लिपसाठी वेगळी चौकट लाव. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता भाषा. तू विचारतोस, अहिराणी की इंग्रजी? मला वाटतं तुझ्यासमोर दोन वेगळी माणसं उभी आहेत आणि तू दोघांशी एकच वाक्य बोलायला बघतोयस. एक आपल्याकडचा. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर किती बघितले जातात ते तुला सांगायला नको. आपल्या बोलीत काही आलं की खान्देशी माणूस फोन शेजारच्याला दाखवतो. पण याच्याकडे बहुधा कॉम्प्युटर नाही, स्टीम काय ते ठाऊक नाही. त्याच्याकडे विशलिस्ट मागू नकोस. त्याच्याकडे गोष्टी माग. "रात्री पाणी भरताना तुमच्याकडे काय घडलं?" एवढंच विचार. आबांची मोटर तशीच आली ना? कुणी आवाज रेकॉर्ड करून पाठवेल, कुणी शिवारातल्या वाटेचा फोटो. परवानगी घे, श्रेयनामावलीत नाव टाक. बघ, गेमच्या शेवटी आपलं नाव येणार म्हटल्यावर तो माणूस तुझा प्रचार करायला कसा सुटतो.

दुसरा माणूस ब्राझीलमध्ये, पोलंडमध्ये, नाहीतर बंगळूरमध्ये बसलाय. त्याला शेतीचे गेम आवडतात, भीतीचे आवडतात, आणि दोन्ही एकत्र असलेलं त्याने फारसं पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी इंग्रजीत एक ओळ, साधारण अशा अर्थाची: वीज आठ तास आहे, शेत मोठं आहे, आणि तुम्ही एकटे नाही. आजीची हाक मात्र अहिराणीतच ठेव, खाली इंग्रजी अक्षरं दे. "लाईट उनी रे" याचं इंग्रजी डबिंग केलंस तर मी पुढचं पत्र वाचणार नाही.

या दुसऱ्या माणसाला शोधताना एक गफलत सगळ्यांची होते, माझीही झाली. आपण गेम बनवणाऱ्यांच्या गटांत रमतो. दर शनिवारी गेमची चित्रं टाकायची जुनी प्रथा आहे, रेडिट या चर्चेच्या साइटवर बनवणाऱ्यांचे मोठे समूह आहेत. तिथे टाळ्या पटकन मिळतात, तांत्रिक अडचणी सुटतात, एकटेपणा कमी होतो. जरूर जा. पण तो स्वयंपाक्यांचा मेळा आहे. एकमेकांच्या भाजीत बोट घालून वा वा म्हणतात आणि आपल्या घरी जेवतात. जेवायला येणारे दुसरीकडे असतात. भयकथांच्या खेळांच्या गटात, शेतीच्या खेळांच्या गटात. तिथे जाहिरातीचे नियम कडक असतात, गटागणिक वेगळे. आधी नियम वाच, महिनाभर इतरांच्या खेळांबद्दल बोल, मग आपलं दाखव. आलास, लिंक टाकलीस, गेलास, तर हाकलतील आणि योग्यच करतील.

परदेशी व्हिडिओंत तुला सारखं टिकटॉकवर जा असं सांगतात. आपल्याकडे ते २०२० च्या जूनपासून बंद आहे, त्यामुळे तो सल्ला ऐकून जीव जाळू नकोस. तीच उभी क्लिप रील्सवर आणि यूट्यूब शॉर्ट्सवर जाते. फक्त शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंकही दाबता येत नाही हे लक्षात ठेव. त्याला तुझा लांब व्हिडिओ जोडता येतो, लिंक त्या व्हिडिओखाली दे. आणि प्रत्येक ठिकाणी स्टीमची लिंक वेगळी खूण लावून टाक. कोणत्या खुणेची किती माणसं पानावर आली आणि त्यांतल्या किती जणांनी विशलिस्ट केलं ते स्टीम तुला दाखवतं. या खुणेला यूटीएम म्हणतात. अर्ध्या तासात जमेल. मग "इन्स्टाग्राम चालतं की रेडिट?" हे मला विचारायची गरज राहणार नाही.

विशलिस्टच का, हे या सदराच्या बाकीच्या वाचकांसाठी सांगते. स्टीमवर पान उघडायला एका गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. गेमची कमाई १ हजार डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. पान विक्रीच्या निदान दोन आठवडे आधी लोकांना दिसायला हवं असा नियम आहे, पण शहाणी माणसं ते कित्येक महिने आधी उघडतात. कारण ज्याने विशलिस्ट केलं त्याला गेम आला की स्टीम स्वतः ईमेल पाठवतं. पुढे २० टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा पाठवतं. फॉलोअर उद्या विसरेल. विशलिस्टवाल्याला आठवण करून द्यायचं काम दुसऱ्याच्या अंगावर आहे. म्हणून कुठेही काही टाकलंस तरी शेवटी माणसाला एकाच दाराशी आणून सोड. आज डिस्कॉर्डच्या चॅटवर या, उद्या चॅनल सबस्क्राइब करा, परवा वेबसाइट बघा, असं केलं की माणूस कुठेच जात नाही.

चाळीस हजारांचं उत्तर एका शब्दात: नको. पन्नास हजार फॉलोअर्सची हमी देणारा खोटी खाती देतो, दुसरं काही देऊच शकत नाही. ती खाती तुझी क्लिप बघणार नाहीत, आणि तुझे लोक तुझं काही बघत नाहीत अशी समजूत करून घेऊन इन्स्टाग्राम ती खऱ्या माणसांनाही कमी दाखवेल. त्या पैशांत एका चांगल्या चित्रकाराकडून गेमचं मुखचित्र करून घे. स्टीमच्या यादीत शेकडो गेमच्या गर्दीत तुझं तेवढंच टिकलीएवढं चित्र दिसणार आहे. उरलेल्यातून बरा मायक्रोफोन घे.

खेळून दाखवणाऱ्या यूट्यूबर्सकडे जरूर जा, पण लहानांकडे. 'अमंग अस' २०१८ मध्ये आला तेव्हा फारसं कुणी विचारलं नव्हतं. २०२० मध्ये स्ट्रीम करणाऱ्यांनी, म्हणजे स्वतः खेळताना थेट दाखवणाऱ्यांनी, उचलला आणि जग खेळायला लागलं. तसं तुझं होईलच असं नाही, मुद्दा एवढाच की वाट तिथूनही जाते. ईमेल चार ओळींचा लिही, एक हलती क्लिप जोड, डेमोची लिंक दे. उलट्या दिशेने येणाऱ्या ईमेलपासून सांभाळ. "मी मोठा स्ट्रीमर आहे, पाच 'की' पाठवा" असे ईमेल पान उघडलं की येतातच. 'की' म्हणजे गेम फुकट मिळवून देणारा कोड. बरेच जण त्या विकतात. चॅनलवर दिलेला पत्ता आणि ईमेलचा पत्ता तोच आहे का, ते अक्षर न् अक्षर ताडून बघ. आणि कुणाला पैसे देऊन खेळायला लावलंस तर ती जाहिरात आहे असं त्याने व्हिडिओत लिहायला हवं. भारतीय जाहिरात मानक परिषदेचा तसा नियम २०२१ पासून आहे.

स्टीमचा नेक्स्ट फेस्ट वर्षातून तीनदा भरतो. आठवडाभर न आलेल्या गेमचे डेमो लोक खेळतात, आणि एका गेमला त्यात आयुष्यात एकदाच जाता येतं. त्यामुळे घाईने ती संधी जाळू नकोस. आधी डेमो गावात चालव. चाळीसगावात एमएस-सीआयटीच्या क्लासेसमध्ये जुनी मशीन्स असतात. एखाद्या सरांना विनंती कर, रविवारी तासभर दोन मशीन्स माग. पाच पोरं बसव आणि मागे उभा राहा. तोंड बंद. "अरे, ते बटण दाब" असं एकदाही म्हणायचं नाही. कुठे अडतात, कुठे दचकतात, कुठे फोन काढतात ते वहीत लिही. ज्या जागी पाचपैकी तिघं ओरडले, ती तुझी पुढची क्लिप.

(मोबाइलवर गेम करणाऱ्या दोन वाचकांनीही अशाच अर्थाचं विचारलंय. तुमचं गूगल प्लेचं वैयक्तिक खातं २०२३ च्या नोव्हेंबरनंतर उघडलेलं असेल, तर गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्या १२ जणांना नुसते नियम पुरे करणारे समजू नका. तुमचे पहिले प्रेक्षक तेच आहेत.)

राहिला वेळेचा प्रश्न. रोजचं रील म्हणजे दुसरं पीक, त्यालाही पाणी लागतं. तुझ्या विहिरीत तेवढं नाही. वेगळं 'शूटिंग' करूच नकोस. ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात अशी सोय आहे की ते मागे चालू राहतं आणि तू बटण दाबलंस की मागची वीस-तीस सेकंदं जतन होतात. काम करता करता काही मजेदार दिसलं की बटण दाब. आठवड्याला चार-पाच तुकडे आपोआप जमतील, त्यातला एक रविवारी टाक. बहिणीला रोज टाकायची हौस आहे तर तुकड्यांचा फोल्डर तिला दे, खातं तिच्या हातात दे, श्रेयात तिचं नाव घाल. विक्री झाली तर तिचा वाटा किती, ते आत्ताच वहीत लिहून ठेव. भावा-बहिणींत हे आधीच लिहिलेलं बरं असतं.

पत्राच्या तळाशी तू एक ओळ घाईत लिहिलीस: "वडील कुणाला सांगत नाहीत मी काय करतो." का सांगत नाहीत याचा मला अंदाज आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत 'गेम' म्हणजे फोनवरची रमी, पैसे लावायचे, जमीन गहाण टाकायची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण शब्दाला लागलेला डाग तसा लवकर जात नाही. पोरगा नोकरी सोडून 'गेम' करतो, हे वडिलांनी सोयऱ्यांना कसं सांगायचं? त्यांना समजावत बसू नकोस. एका संध्याकाळी हेडफोन त्यांच्या कानाला लाव आणि तू केलेला मोटरचा आवाज ऐकव. विचार, "नाना, विहिरीत पाणी किती असंल?" नाहीतर आबा म्हण, घरात जे म्हणत असशील ते. ते म्हणतील, "अशी कुठं वाजते मोटर?" आणि मग कशी वाजते ते सांगायला लागतील. त्यांची हरकत नसेल तर तेव्हा रेकॉर्डिंग चालू ठेव.

आणि ते एक लिहायचं राहिलं. तू सांगितलंयस की तुझ्या बिबट्यात काहीतरी बिघाड आहे, तो पळता पळता डीपीवर चढतो आणि तिथे मांडी घालून बसतो, खाली उतरतच नाही. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करणार आहेस. कर. पण त्याआधी बटण दाबून ठेव, आणि ती क्लिप आधी मला पाठव.